आडवाटेच्या सहलीची पिशवी

सकाळी निघून रात्री परत यायचं म्हटलं की पुणेकर सिंहगड, पानशेत नाहीतर लोणावळा गाठतो. तिथे काही विसरलं तरी बिघडत नाही, दहा पावलांवर टपरी असतेच. पण पोरांना नदीने कोरलेले रांजण दाखवायचे असतील किंवा सासूबाईंना स्त्रीरूपातला गणपती बघायचा असेल, तर गाडी आडवाटेला लागते. मग दिवस निभतो तो पिशवीतल्या सामानावर.

आधी कॅलेंडर काढा, पिशवी नंतर. रांजणांच्या निघोजला पावसाळ्यात जायचं नाही. भिगवणला रोहित पक्षी हवे असतील तर साधारण डिसेंबर ते मार्च. नारायणगावजवळच्या खोडदची मोठी रेडिओ दुर्बीण लहानथोर सगळ्यांना बघायला मिळते ती 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या निमित्ताने. एका दिवसाला एकच मोठं ठिकाण आणि वाटेवरचं एखादं छोटं. तीन-तीन ठिकाणं कोंबणाऱ्यांनी मुलांना सोबत नेऊच नये.

निघोजचे रांजणखळगे पुण्यापासून सुमारे 90 किलोमीटर, नगर रस्त्याने शिरूरवरून. सहाच्या आत घर सोडायचं. आम्ही एकदा आठला निघालो आणि वाघोलीतच घरचा अर्धा डबा संपला. वाटेत रांजणगावचा गणपती आहे, दर्शन आणि पाय मोकळे करणं एकदमच होतं. निघोजला कुकडीचं पात्र म्हणजे काळा बेसाल्ट. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे गरगर फिरत खडक खरवडतात, आणि वर्षानुवर्षं असं होऊन हे खळगे तयार झाले आहेत. काहींच्या तळाशी ते गोटे अजून दिसतात, गुळगुळीत, लाडवासारखे. मुलं तिथून हलत नाहीत.

म्हणून पादत्राणांचं आदल्या रात्रीच बघा. मागून पट्टा असलेली आणि तळाला खाचा असलेली सँडल हवी. स्लिपर अजिबात नाही. माझ्या भाचीची एक स्लिपर खळग्यात पडली, पाण्यावर मजेत तरंगत राहिली आणि कुणाचाच हात पोचेना. परतीचा रस्ता तिने मामाच्या पाठीवर काढला. काठ घासून घासून गुळगुळीत झालेत, कडा कुठे संपते ते पटकन कळत नाही. त्यामुळे दहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे एक मोठं माणूस, हे निघायच्या आधीच वाटून घ्या. पाण्यात कुणीही उतरायचं नाही, पट्टीच्या पोहणाऱ्यानेही नाही. खोली दिसत नाही आणि भिंतीला धरायला काही नसतं. वरच्या धरणातून पाणी सोडलंय का, हे गावात शिरताना विचारून घ्यावं. अकरानंतर खडक तव्यासारखा तापतो, तेव्हा टोप्या हव्यात आणि माणशी दोन लिटर पाणी. दमलेल्या माणसाला टेकायला सतरंजी लागते.

भिगवणची यादी वेगळी. उजनी धरणाचा फुगवटा, सोलापूर रस्त्याने सुमारे 100 किलोमीटर. कुंभारगावात स्थानिक नावाडी होडीतून फिरवतात. उजाडता पोचायचं तर पहाटे चारला निघावं लागतं. मुलांना अंथरुणातून तशीच उचलून गाडीत टाका, स्वेटर-मफलर मागच्या सीटवर तयार ठेवा. पाण्यावर थंडी झोंबते. घरातली जुनी दुर्बीण काढा आणि कपडे मातकट रंगाचे घाला, लाल-पिवळ्या भडक रंगांचे नकोत. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडी सोडू देऊ नका. दुपारी मासे खायचे असतील तर होडीत बसण्याआधीच सांगून ठेवा. सुट्या नोटा जवळ असू द्या, रेंजचा भरवसा नाही.

येताना यवतजवळून भुलेश्वरला वळता येतं. देवळात काळोख असतो, छोटी टॉर्च घ्या. स्त्रीरूपातली गणेशमूर्ती हातात टॉर्च असली तरच नीट दिसते. सासूबाईंनी ती पाहिली, बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "साडी छान नेसवलीय हो." अनवाणी फरशीवर पाय भाजतात किंवा गारठतात, तेव्हा जुने मोजे न्या.

खोडद आणि आसपासच्या परिसरात मिळून या दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत. त्यांची तबकडी पत्र्याची नाही, बारीक तारेची जाळी आहे, वारा आरपार जातो. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी इतक्या क्षीण की मोबाइल बंद ठेवावा लागतो. म्हणजेच चुकामूक झाली तर फोन लावता येणार नाही! उतरल्याबरोबर भेटायची जागा ठरवा आणि मुलाच्या खिशात तुमचं नाव आणि ती जागा लिहिलेली चिठ्ठी ठेवा. त्या दिवशी शाळांच्या बसेस येतात, गर्दी असते.

भिलारला, पाचगणीजवळच्या पुस्तकांच्या गावी जायचं तर फारसं काही लागत नाही. पसरणीचा घाट आहे, तेवढी उलटीची गोळी निघायच्या आधी द्या आणि दोन-चार प्लास्टिकच्या पिशव्या हाताशी ठेवा.

डब्याबद्दल माझं एकच म्हणणं: तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी. दही-भात उन्हात आंबतो, सँडविच गाडीत चिपाड होतं. चहा थर्मासमध्ये, दूध वेगळ्या बाटलीत. स्टेपनीत हवा आहे का ते आदल्या दिवशीच बघा, नकाशा मोबाइलमध्ये उतरवून घ्या. आणि घर सोडण्याआधी डाळ-तांदूळ मोजून कुकरशेजारी ठेवा. रात्री नऊला दार उघडल्यावर खिचडीशिवाय दुसरं काही सुचत नाही.