संपूर्ण भूल: त्रास कुठून होतात आणि ते कसे टाळायचे

ऑपरेशनआधीच्या तपासणीत भूलतज्ज्ञ प्रश्न विचारतात आणि घरचे 'काही त्रास नाही' म्हणून मोकळे होतात. भुलीचे बरेच त्रास टाळायची खरी संधी या पाच-दहा मिनिटांतच असते.

आधी पोटाचं. भुलीत गिळणं, ठसका लागणं सगळं थांबतं. अशा वेळी पोटातलं वर आलं तर थेट श्वासनळीत जातं; आम्लाने फुप्फुस भाजतं आणि अन्नाचा घास अडकला तर श्वास कोंडतो. म्हणून साधं पाणी 2 तास आधी बंद, आईचं दूध 4 तास, गाई-म्हशीचं किंवा पावडरचं दूध आणि हलका नाश्ता 6 तास, तळलेलं किंवा मटण 8 तास. घोळ होतो तो चहाचा. 'नुसता चहाच घेतला' म्हणतात, पण आपला चहा म्हणजे अर्धं दूध. त्याला 6 तासच धरा. याच्या उलट चूकही तितकीच सर्रास होते: दुपारच्या ऑपरेशनसाठी रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही. मग भूल देताच बीपी कोसळतं, लहान मूल रडून हैराण होतं. आपला नंबर किती वाजता आहे ते विचारा आणि त्या हिशेबाने पाणी द्या. जुना मधुमेह, गरोदरपण किंवा वजन-शुगरसाठी आठवड्याला घ्यायची इंजेक्शनं असतील तर पोट उशिरा रिकामं होऊ शकतं. हे मुद्दाम सांगा.

मग तोंड. स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून दातांमध्ये जातात का बघा. गुटखा-सुपारीने गाल आखडलेल्यांना ते जमत नाही आणि भूल दिल्यावर श्वासाची नळी घालणं अवघड होतं. आधी कळलं तर रुग्ण जागा असतानाच दुर्बिणीने नळी घालायची तयारी ठेवता येते. ऐन वेळी कळलं तर ऑक्सिजन खाली जात असताना धावपळ होते. हलता दात दाखवा, कवळी काढून ठेवा. मिश्रीही तंबाखूच, त्या सकाळी लावायची नाही. सिगारेट निदान आदल्या दिवसापासून बंद. फुप्फुसांना खरा फायदा हवा असेल तर चार आठवडे आधीपासून.

औषधांची नावं पाठ नसतात, तेव्हा पाकिटंच पिशवीत घालून न्या. बीपीच्या काही गोळ्या (नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन') बहुधा 24 तास आधी थांबवतात. मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या मात्र अचानक सोडायच्या नसतात. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या 3 दिवस आधी बंद करतात, कारण उपाशीपोटी त्या चालू राहिल्या तर शुगर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात कीटोन (आम्लासारखे घातक पदार्थ) साचतात. काय थांबवायचं ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

घराण्यात भुलीमुळे कोणाला काही झालं होतं का, हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. सक्सिनिलकोलीन या औषधाने स्नायू पाच-दहा मिनिटं सैल पडतात. ते मोडणारं एन्झाइम काहींच्या रक्तात जन्मतः कमी असतं. त्यांचा श्वास कित्येक तास परत येत नाही आणि तोवर व्हेंटिलेटर लागतो. आर्य वैश्य (कोमटी) समाजात हा दोष इतरांपेक्षा जास्त आढळतो. रक्तातलं हे एन्झाइम मोजणारी कोलिनएस्टरेज तपासणी करून घेता येते आणि दुसरं औषध वापरता येतं. त्याहून दुर्मिळ, पण जिवावरचं, म्हणजे मॅलिग्नंट हायपरथर्मिया: सक्सिनिलकोलीन किंवा सेव्होफ्लुरेनसारख्या भुलीच्या वायूने स्नायू आखडतात, श्वासातला कार्बन डायऑक्साइड झपाट्याने वाढतो, ताप बऱ्याचदा नंतर चढतो. उतारा डँट्रोलीन, किलोमागे 2.5 मिलिग्रॅम. 60 किलोच्या माणसाला पहिल्याच डोसला 150 मिलिग्रॅम, म्हणजे 20 मिलिग्रॅमच्या 8 कुप्या, आणि जुन्या प्रकारची प्रत्येक कुपी 60 मिलिलिटर पाण्यात विरघळवायची. एवढा साठा सगळीकडे नसतो. म्हणून संशय असेल तर हे वायू आणि सक्सिनिलकोलीन टाळून प्रोपोफॉल या शिरेतून द्यायच्या औषधावरच भूल देतात.

भुलीनंतरची उलटी हा अगदी नेहमीचा त्रास. बाई असणं, सिगारेट न ओढणं, गाडी लागण्याची सवय किंवा आधीच्या भुलीनंतर झालेली उलटी, आणि नंतर मॉर्फिनसारखं वेदनाशामक: यातलं काहीच नसेल तर शक्यता दहा टक्क्यांच्या आसपास, चारही असतील तर ऐंशीच्या. तेव्हा घाटात गाडी लागते हे न लाजता सांगा. अशांना उलटी टाळायला भूल देताना डेक्सामेथासोन 4 ते 8 मिलिग्रॅम, संपताना ऑन्डान्सेट्रॉन 4 मिलिग्रॅम देतात. पक्क्या शाकाहारी माणसाचं बी-12 कमी असेल तर तेही कानावर घाला. नायट्रस ऑक्साइड या भुलीच्या वायूने ते आणखी निकामी होतं आणि काही आठवड्यांनी हातापायांना मुंग्या येऊ शकतात.

श्वासाच्या नळीमुळे घसा एक-दोन दिवस दुखतो, त्याचं काही विशेष नाही. थंडी मात्र खरी असते: पहिल्या तासात शरीराचं तापमान एक-दीड अंश सेल्सिअसने उतरतं, म्हणून अर्धा तास आधीपासून ऊबदार पांघरूण मागा. म्हाताऱ्या माणसांना शुद्धीवर आल्यावर भ्रम होऊ शकतो. चष्मा आणि कानाचं यंत्र लगेच परत द्या, ओळखीचं माणूस जवळ बसवा, झोपेची गोळी स्वतःहून देऊ नका.

पुढचे 24 तास गाडी, दारू आणि कागदपत्रांवर सही बंद. घरी निघताना भुलीच्या नोंदीच्या कागदाची प्रत मागून फाइलला लावा. नळी घालायला त्रास झाला होता का, कोणतं औषध सोसलं नाही, हे पुढच्या भूलतज्ज्ञाला त्यातूनच कळतं.