पेटवर्थ हाऊस बघायला जाताय? मग टर्नरपासून सुरुवात करा

पेटवर्थ हाऊस म्हणजे इंग्लंडच्या वेस्ट ससेक्समधलं, चित्रांनी भरलेलं जुनं सरदारी घर, आणि टर्नर म्हणजे तिथला नामवंत इंग्रज निसर्गचित्रकार. लंडनहून एका दिवसात आरामात होतं हे. व्हिक्टोरिया स्टेशनवरून पलबरोची ट्रेन, तिथून पेटवर्थ गावात बस. बस काही सारख्या नसतात, रविवारी तर अजूनच कमी, म्हणून परतीची वेळ आधी बघून ठेवा, आणि हे घर सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या साइटवर त्या दिवशी कुठल्या खोल्या उघड्या आहेत तेही बघा, हिवाळ्यात सगळ्या नसतात.

आत गेल्यावर बहुतेक जण पहिल्या खोलीपासून प्रत्येक चित्राखालचं नाव वाचत सुटतात आणि अर्ध्या तासात दमतात. तसं करू नका, थेट कार्व्हड रूम गाठा. भिंतींवर ग्रिनलिंग गिबन्सचं लाकडातलं कोरीवकाम आहे, फुलं, पक्षी, वाद्यं, इतकं नाजूक की हे लाकूड आहे यावर विश्वास बसत नाही. पण त्याच भिंतींत खालच्या बाजूला टर्नरची चार लांबट चित्रं बसवलीत, ती चुकवू नका. ती इतकी खाली का, तर घराचे तेव्हाचे मालक, तिसरे अर्ल ऑफ एग्रिमाँट, इथे पाहुण्यांना जेवायला बसवायचे आणि चित्रं बसलेल्या माणसाच्या नजरेसमोर यायला हवी होती. म्हणून उभं राहून बघू नका, गुडघे साथ देत असतील तर जरा खाली वाका, चित्र एकदम उघडतं. एकात पार्कातलं तळं आहे, सूर्य मावळतोय, दोन हरणं शिंगाला शिंग लावून झुंजतायत आणि एका बाजूला चक्क क्रिकेट चाललंय, १८२९ च्या आसपासचं! मग खिडकीशी जा, तेच तळं बाहेर आहे. मला या घरातला सगळ्यात मोठा आनंद हाच वाटतो.

खोल्यांत अंधार वाटेल, तो मुद्दाम ठेवलेला असतो, उजेडाने रंग आणि कापड खराब होतं म्हणून. दोन मिनिटं थांबा, डोळे सरावतात. फ्लॅश अजिबात नको, आणि पाठीवरची सॅक पुढे घ्या. खोलीत जे स्वयंसेवक उभे असतात त्यांच्याशी बिनधास्त बोला, तुमचं आवडतं चित्र कोणतं एवढं विचारलं तरी ते मनापासून सांगत बसतात.

नंतर नॉर्थ गॅलरी. इथे उजेड छतातून येतो. शिल्पकार फ्लॅक्समनचा सैतानाला मारणाऱ्या सेंट मायकेलचा पुतळा एकाच संगमरवरी दगडातून काढलाय, त्याला पूर्ण चक्कर मारून बघा. १५९२ चा मॉलिनो ग्लोब, म्हणजे जुना पृथ्वीगोल, तोही याच घरात आहे, तो कुठल्या खोलीत ते विचारून घ्या. वेळ उरला तर नोकरांच्या बाजूचं स्वयंपाकघर, तांब्याची भांडी बघून आपल्याला घरचा कल्हईवाला आठवतो.

शेवटचा तास मात्र पार्कासाठी राखाच, पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. बागा-पार्क आखणाऱ्या कपॅबिलिटी ब्राऊनने १७५० च्या दशकात आखलेला, जवळपास ७०० एकर. हरणं मोकळी फिरतात, ऑक्टोबरात नर झुंजतात तेव्हा लांबूनच बघा. संध्याकाळी तळ्याच्या पूर्वेला, घराच्या बाजूला उभे राहा, ऊन पाण्यावर उतरलं की दुपारी आत बघितलेलं चित्र समोर असतं.