पहिलं लाकडी जहाज बनवायचंय? किट निवडताना आधी नाळ बघा

लाकडी जहाजाचं मॉडेल करायचं मनात आलं की नजर थेट एचएमएस व्हिक्टरीवर जाते. १७६५ साली पाण्यात उतरलेली, १०४ तोफांची, ट्रॅफल्गारच्या लढाईत नेल्सन जिच्यावर होता ती युद्धनौका. मोह होणारच. त्यात "जे मनापासून आवडतं तेच घ्या, उत्साह टिकेल" असं सांगणारे भेटतात. हा सल्ला ऐकू नका. १:७२ प्रमाणातली, म्हणजे खऱ्या जहाजाच्या बहात्तराव्या भागाएवढी व्हिक्टरीही मीटरभराहून लांब होते, आणि तोफांपर्यंत पोचायच्या आधी सगळा सांगाडा लाकडी पट्ट्यांनी मढवायचा असतो. उत्साह तिथेच संपतो.

१. आकार ठरवा. एक डोलकाठी, फार तर दोन. तोफा नसल्या तर उत्तम. प्रमाण मोठं घ्या, १:२४ ते १:५०, म्हणजे सुटे भाग बोटांत धरता येतात.

२. नाळ बघा. सगळी निवड इथे ठरते आणि खोक्यावरच्या चित्रात नेमकं हेच दिसत नाही. मलाही हे कळायला बराच वेळ लागला.

नाळ म्हणजे जहाजाचं पुढचं टोक. काही जहाजांची नाळ निमुळती असते, काहींची गोल, फुगीर. पट्टी निमुळत्या नाळेवर सहज वळते. फुगीर नाळेवर तिला थोड्या अंतरात जवळजवळ काटकोनात वळावं लागतं, शिवाय पीळही बसतो. पट्टी भिजवून, गरम करून वाकवता येते, पण हे पहिल्याच जहाजावर शिकायला जाऊ नका.

दुसरी अडचण रुंदीची. समजा, जहाजाच्या मधोमध एका बाजूला सांगाड्याच्या कडेची लांबी १० सेंटीमीटर आहे. ५ मिलिमीटरच्या २० पट्ट्या तिथे नीट बसतात. नाळेपाशी तीच लांबी ६ सेंटीमीटर असेल, तर प्रत्येक पट्टी पुढे ३ मिलिमीटरपर्यंत तासून निमुळती करावी लागते. न तासता चिकटवत गेलात तर पट्ट्या एकमेकींवर चढतात. पट्टी निम्म्यापेक्षा अरुंद करावी लागेल असं दिसलं, तर ते किट नवशिक्यासाठी नाही, हे पक्कं समजा.

म्हणून तयार जहाजाच्या फोटोवर भाळू नका, उघड्या सांगाड्याचा फोटो शोधा. आडवे पडदे, म्हणजे कण्यावर आडव्या बसवलेल्या ज्या फळ्यांवर पट्ट्या टेकतात त्या, एकमेकांच्या जवळ हव्यात. अंतर जास्त असलं तर मधे पट्टी आत दबते आणि पोट सपाट दिसतं. पहिल्या पडद्यापासून नाळेपर्यंतची जागा भरायला लाकडाचे ठोकळे दिलेले असावेत, नाहीतर पट्टीला टेकायलाच काही मिळत नाही.

३. दुहेरी आवरण, म्हणजे सांगाड्यावर पट्ट्यांचे दोन थर असलेलं किट घ्या. "एकेरी म्हणजे निम्मं काम" हे ऐकायला बरं वाटतं. पण एकेरीत प्रत्येक फट कायमची दिसते. दुहेरीत आतला थर साधारण दीड मिलिमीटरच्या मऊ लाकडाचा असतो. त्यातल्या फटींत लांबी (पुट्टी) भरा, पॉलिश पेपरने घासा, आणि वर अर्ध्या मिलिमीटरचा अक्रोडासारखा देखणा थर चढवा. चुका आतच राहतात. पट्ट्या लेझरने आकारात कापूनच येत असतील, तर मात्र एकेरीही चालेल.

४. सूचनापुस्तिका आधी वाचा. ऑक्रे, व्हॅनगार्ड मॉडेल्स आणि मॉडेल एक्स्पो या किटच्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवर त्या मिळतात. पट्ट्या बसवण्याचं प्रकरण उघडा. ते दोन ओळींत उरकलं असेल तर ते किट बाजूला ठेवा.

५. नकली किट नको. नामांकित किटची हुबेहूब नक्कल स्वस्तात विकली जाते. त्यातल्या प्लायवूडचा कणा वाकडा निघाला, तर वरचं सगळं जहाज वाकडं होतं. सुटा भाग बदलून मागायलाही कुणी नसतं.

किटचं नावच हवं असेल तर मॉडेल शिपवेज या कंपनीची नवशिक्यांसाठीची तीन होड्यांची मालिका घ्या: लोवेल डोरी, नॉर्वेजियन प्रॅम आणि मस्कॉन्गस बे लॉब्स्टर स्मॅक. त्या याच क्रमाने करा. डोरीच्या फळ्या लेझरने कापलेल्या येतात आणि स्मॅकला डोलकाठी व दोऱ्याही आहेत. लगेच शिडाचं जहाजच हवं असेल तर ऑक्रेचं पोलारिस बघा.

हत्यारं किट हातात आल्यावर घ्या. सुरुवातीला धारदार सुरी, चिमटा, पॉलिश पेपर, क्लिपा आणि लाकडाचा गोंद एवढ्यावर काम भागतं.