डोंगरातली कच्ची वाट फोर-बाय-फोरने कशी उतरावी (आणि त्याआधी कशी चढावी)

गोव्यात डोंगर कुठे आहेत, असं विचारणाऱ्याने एकदा वाळपईच्या पुढे सत्तरी तालुक्यात जाऊन यावं. तिथल्या सोसोगड शिखराची उंची ११६६ मीटर आहे. हिमालयापुढे ती किरकोळच, पण गाडी कलंडायला पाच मीटरचा उतारही पुरतो. त्यात आपल्याकडे वाट जांभ्याची. उन्हाळ्यात त्याच्या कडा टायर चिरतात आणि पावसात त्यावर शेवाळ धरलं की उभा माणूसही घसरतो.

गाडी काढण्याआधी वाट कोणाची आहे ते पाहा. म्हादई, नेत्रावळी किंवा भगवान महावीर अभयारण्यात परवानगीशिवाय गाडी घालणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. कुळ्याहून दूधसागरला जाणाऱ्या जीपसुद्धा ठरलेल्या असतात, तिथे आपली थार कितीही सजवलेली असली तरी उपयोग नाही. मग उरतात खासगी काजूबागायतीतल्या वाटा, त्याही मालकाला विचारून. काजूच्या मोसमात त्या वाटांवर पिकअप चालवणाऱ्यांना कुठली चढण कधी वाहून गेली ते तोंडपाठ असतं. माझ्या मते नकाशापेक्षा त्यांचा शब्द खरा.

एकट्याने जाऊ नका, दुसरी गाडी सोबत हवीच. टपावरचा कॅरियर रिकामा ठेवा. वजन वर गेलं की गाडी लवकर कलंडते, म्हणून जड सामान खाली आणि घट्ट बांधलेलं असावं. डांबर संपलं की टायरची हवा कमी करा. नेहमी ३० ते ३२ पीएसआय असेल तर २२ च्या आसपास पुरे. टायर पसरतो आणि पकड वाढते. वाळूत लोक याहूनही खाली जातात, पण जांभ्यावर तो मोह नको. मऊ पडलेल्या टायरची बाजूची भिंत दगडाच्या धारेवर सहज फाटते. परत हवा भरायला कंप्रेसर सोबत असू द्या.

आता गाडी थांबवा आणि चालत जा. हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा तोच. चढण पायांनी वरपर्यंत चढा. पाण्याने पाडलेले चर कुठे आहेत, माथ्यावर वाट कुठल्या बाजूला वळते, दरीकडची कड पोकळ आहे का, हे बघा. कडेला टाच मारली की मातीचा ढेकूळ सुटून खाली जात असेल, तर तिथे दोन टन वजन न्यायचं नाही. चराच्या दोन्ही काठांवर चाकं ठेवता येतील अशी रेषा मनात पक्की करा. खाणाखुणा करायला एकच माणूस उभा करा. चार जण चार दिशांना हात हलवू लागले की चालकाचं डोकंच चालत नाही.

चढणीच्या पायथ्याशी गाडी पूर्ण उभी करून लो रेंज, म्हणजे फोर-एल (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारी स्थिती), लावा. मध्येच लावायला जाऊ नका. पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये निघा आणि ॲक्सिलरेटर एकसारखा धरा. स्टिअरिंग धरताना अंगठे आत अडकवू नका. चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग झटक्याने फिरतं आणि अंगठा मोडू शकतो.

चढण अर्ध्यात फसली तर? गाडी वळवायची नाही. आडवी झालेली गाडी लोळते. ब्रेक दाबून ठेवा, रिव्हर्स टाका, क्लच पूर्ण सोडा आणि मगच ब्रेक हळूहळू ढिला करा. इंजिनच गाडीला धरून खाली आणेल. चाकं सरळ ठेवा. न्यूट्रलमध्ये किंवा क्लच दाबून मागे येणं म्हणजे गाडी उताराच्या हवाली करणं.

खरी परीक्षा उतरणीची. चढताना चूक झाली तर गाडी बहुधा थांबते, उतरताना चूक झाली तर तिचा वेग वाढतो. फोर-एल, पहिला गिअर, आणि क्लचवरचा पाय काढून बाजूला. गाडी हत्तीच्या चालीने उतरली पाहिजे. ब्रेक लागलाच तर अगदी हलका. ओल्या चिकणमातीत जोरात ब्रेक मारला की चाकं अडकतात आणि गाडी घसरगाडी होते. एबीएस (चाकं अडकू न देणारी ब्रेकची यंत्रणा) असलं तरी सुट्या मातीत थांबायचं अंतर उलट वाढतं. मागची बाजू फिरू लागली तर मन नको म्हणत असतानाही ब्रेक सोडा आणि ॲक्सिलरेटर किंचित द्या. चाकं फिरू लागली की स्टिअरिंग पुन्हा ऐकू लागतं. आडव्या उतारावर गाडी सरकू लागली तर तोंड उताराच्या दिशेने खाली वळवा, वर नव्हे.

समोरून गाडी आली तर वर येणाऱ्याला आधी वाट द्या. नियमही तोच आहे.

व्हाळ (ओढा) ओलांडताना काठी घेऊन आधी आत उतरा. नव्या थारची पाण्यातून जायची मर्यादा ६५० मिलिमीटर सांगितलेली आहे, पण ती साचलेल्या पाण्याची समजा. पाण्याला ओढ असेल तर गुडघाभरही जास्त. माणूस चालू शकत नसेल तिथे गाडी घालू नये. आत शिरल्यावर गिअर बदलू नका, आणि इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा सुरू करू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ओढून बाहेर काढा.

ओढायला दोर लावाल तो गाडीच्या टो-हुकलाच. टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) कधीच नाही, तो तुटला की गोळीसारखा सुटतो. दोरावर जाड चादर टाका आणि बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट दूर उभं करा.

डांबरावर परत आलात की टू-व्हील लावा, नाहीतर वळणावर पुढच्या-मागच्या चाकांची ओढाताण होऊन गिअरबॉक्सवर ताण येतो. हवा भरा, ब्रेक चार-दोनदा दाबून सुकवा. सायलेन्सरजवळ अडकलेला सुका पाला काढून टाका. एप्रिल-मेमध्ये तो पेटतो.