इथरचा भाव कोसळला तर? इथेरियमची स्थानिक प्रत काढून बघा

आवे या इथेरियम ब्लॉकचेनवरच्या कर्जसेवेत इथर (इथेरियमचे चलन) तारण ठेवून यूएसडीसीचे (डॉलरशी बांधलेल्या नाण्याचे) कर्ज काढलेल्या माणसाला एक प्रश्न सतत छळतो: भाव कितीपर्यंत पडला की तारण हातचे जाईल? ढोबळ हिशोब कागदावर जमतो. समजा तारण १०० रुपयांचे, कर्ज ६० चे आणि लिक्विडेशनची, म्हणजे दुसऱ्या कोणी कर्ज फेडून तारण उचलण्याची, मर्यादा ८३ टक्के. मग हेल्थ फॅक्टर (तारण गुणिले मर्यादा भागिले कर्ज; १ च्या खाली गेला की लिक्विडेशन होऊ शकते) १.३८ येतो आणि भाव साधारण २८ टक्के घसरला की तो १ च्या खाली जातो. पण त्या क्षणी नेमके किती इथर जाते आणि किती कर्ज उरते, हे बघायचे तर खरी कॉन्ट्रॅक्टच (साखळीवरचे प्रोग्राम) चालवावी लागतात. मेननेटवर, म्हणजे खऱ्या इथेरियमवर, एक पैसाही न घालवता ते घरच्या लॅपटॉपवर करता येते.

प्रत उभी करा

फाउंड्री हा मोफत संच बसवा. विंडोजवर असाल तर डब्ल्यूएसएलमधून (विंडोजमधली लिनक्सची सोय). त्यातली दोन साधने लागतील. ॲन्व्हिल स्थानिक साखळी चालवते आणि कास्ट तिला हुकूम देते. (कमांड अर्थातच रोमन लिपीत टाईप करायच्या.) सोबत इथेरियमचा आरपीसी पत्ता (साखळीचा डेटा मागवण्याचा इंटरनेटवरचा पत्ता) हवा, अल्केमी किंवा इन्फ्युराचे मोफत खाते सुरुवातीला पुरते. अख्खी साखळी उतरवून घ्यायची नसते. ज्या खात्याला किंवा कॉन्ट्रॅक्टला हात लावाल तेवढाच डेटा ॲन्व्हिल त्या पत्त्यावरून मागवते.

ॲन्व्हिल सुरू करताना तीन पर्याय द्या. फोर्क-यूआरएल म्हणजे तो आरपीसी पत्ता. फोर्क-ब्लॉक-नंबरने प्रत एका ठरावीक ब्लॉकवर गोठवा, नाहीतर दर वेळी सुरुवातच वेगळी होईल आणि दोन निकालांची तुलना करता येणार नाही. फार जुना ब्लॉक हवा असेल तर आर्काइव्ह नोड (सगळी जुनी स्थिती जपणारा संगणक) लागतो, कारण साधा फुल नोड सहसा शेवटच्या १२८ ब्लॉकचीच स्थिती ठेवतो.

तिसरा पर्याय चेन-आयडी, म्हणजे साखळीचा ओळख क्रमांक. तो बरेच जण विसरतात. फोर्क केल्यावर, म्हणजे प्रत काढल्यावर, आयडी मेननेटचाच, म्हणजे १, राहतो. अशा प्रतीवर खऱ्या वॉलेटने सही केलेला व्यवहार नॉन्स (खात्याच्या व्यवहारांचा अनुक्रमांक) जुळला तर मेननेटवरही चालू शकतो. म्हणून ३१३३७ सारखा वेगळा आयडी द्या आणि आपली खरी खासगी की इथे कुठेच वापरू नका.

साखळी ८५४५ पोर्टवर सुरू होते आणि प्रत्येकी १०,००० इथर असलेली दहा चाचणी खाती दिसतात. त्यांच्या किल्ल्या जगजाहीर आहेत. त्या पत्त्यांवर खरे पैसे कधीही पाठवू नका.

कर्ज तयार करा

आवेवर आधीच कर्ज असेल तर काम सोपे. इम्पर्सोनेट सुविधेने कोणत्याही पत्त्याच्या नावाने, कीशिवाय, व्यवहार करता येतो, त्यामुळे आपलाच पत्ता घ्या. नसेल तर चाचणी खात्यातून १० इथरचे रॅप्ड इथर (टोकनच्या रूपातला इथर) करा, अप्रूव्ह करून (आवेला ते घेण्याची परवानगी देऊन) जमा करा आणि तारणाच्या ६० टक्के यूएसडीसी काढा. रक्कम लिहिताना दशांश सांभाळा: यूएसडीसीला सहा, इथरला अठरा. मग कास्टने गेट-यूझर-अकाउंट-डेटा विचारा. सहा आकडे येतात, त्यातला शेवटचा हेल्थ फॅक्टर. इथेच स्नॅपशॉट (साखळीच्या स्थितीची नोंद, जिच्यावर परत येता येते) घ्या.

भाव पाडा

आवेच्या ओरॅकल कॉन्ट्रॅक्टला (जे आवेला भाव पुरवते) इथरच्या भावाचा स्रोत कोणता ते विचारा. एक पत्ता मिळेल. सॉलिडिटी या कॉन्ट्रॅक्टच्या भाषेत एक छोटे कॉन्ट्रॅक्ट लिहा, ज्यातले लेटेस्ट-आन्सर हे फंक्शन तुमचा भाव परत देते, आठ दशांशांसह. त्याचा बाइटकोड (कंपाइल झालेला कोड) ॲन्व्हिलच्या सेट-कोडने त्या पत्त्यावर बसवा.

नवखा माणूस इथे दोन ठिकाणी अडखळतो. एक, बाइटकोड रनटाइमचा हवा, डिप्लॉय करतानाचा चालत नाही. दोन, सेट-कोडमध्ये कन्स्ट्रक्टर चालत नाही आणि स्टोरेज जुन्या कॉन्ट्रॅक्टचेच राहते, म्हणून भाव कोडमध्येच कॉन्स्टंट म्हणून लिहा.

आता हेल्थ फॅक्टर पुन्हा वाचा. १ च्या खाली गेला असेल तर दुसऱ्या चाचणी खात्यातून लिक्विडेशन-कॉल करा. त्या खात्याला यूएसडीसी लागेल; एखाद्या मोठ्या धारकाला इम्पर्सोनेट करून ते वळवा आणि मग आवेसाठी अप्रूव्ह करा. धारक स्वतःच कॉन्ट्रॅक्ट असेल तर त्याच्याकडे गॅसपुरते (व्यवहाराच्या शुल्कापुरते) इथर सहसा नसते, म्हणून आधी सेट-बॅलन्सने थोडे टाका. फॅक्टर ०.९५ च्या वर असताना मोठ्या कर्जाचा सहसा निम्माच हिस्सा एका वेळी फेडता येतो, त्याखाली सगळा. १० टक्के, ३० टक्के, ५० टक्के अशी घसरण लावून बघा. दर वेळी स्नॅपशॉटवर परत या आणि लगेच नवा घ्या. जुना क्रमांक पुन्हा चालेल असे धरू नका.

जे इथे दिसणार नाही

प्रतीवर तुम्ही एकटेच असता. १२ मार्च २०२० ला इथर कोसळला तेव्हा नेटवर्क तुंबले, लिलावात बोली लावणारे बॉट अडकले आणि मेकर या दुसऱ्या कर्जसेवेच्या काही लिलावांत तारण शून्य दाईच्या (मेकरच्या नाण्याच्या) बोलीवर गेले. कोडने सांगितले तसेच केले होते. घात केला तो गर्दीने, आणि गर्दी तुमच्या लॅपटॉपवर नसते.

शिवाय तुम्ही फक्त ओरॅकलचा भाव बदललात. युनिस्वॅप या खरेदी-विक्रीच्या सेवेच्या पूलमध्ये (टोकनांच्या साठ्यात) इथर अजून जुन्याच भावाने विकला जातोय, त्यामुळे लिक्विडेटरचा नफा फुगलेला दिसेल. तो आकडा हवा असेल तर चाचणी खात्यातून पूलमध्ये इतके इथर विका की तिथला भावही ओरॅकलपाशी येईल, आणि मगच लिक्विडेशन चालवा.