खरी कमाईला निघण्याआधी

धाकटी यंदा नववीत. तिच्या गाईड पथकाने ‘खरी कमाई’ला, म्हणजे स्काऊट-गाईडच्या पोरांनी स्वतः राबून पैसे कमवायच्या उपक्रमाला, भरीत-पुरीचा स्टॉल घेतलाय. ज्यांच्या घरी पाटणादेवीच्या सहलीचे पैसे जमणार नाहीत, त्यांच्यासाठी हा निधी. मी नववीत असताना आम्ही आठ पोरांनी हाच स्टॉल लावला होता आणि त्याचा पार विचका केला होता. म्हणून हे तिच्यासाठी आणि तिच्या मैत्रिणींसाठी लिहून ठेवतोय.

सगळ्यात आधी वही घ्या. पातेलं नंतर, वांगी नंतर. शंभर पानी साधी वही आणि दोरीने बांधलेला पेन. हे वाचून हसाल, आम्हीही हसलो होतो.

तारीख चंपाषष्ठीनंतरची धरा. चातुर्मास पाळणाऱ्या घरांत तोपर्यंत वांगं चालत नाही, आणि आपल्याकडे प्लेट घेणाऱ्यांत आज्या बऱ्याच असतात. वांगी बामणोदकडची मोठी हिरवी मिळाली तर उत्तम. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालंय, ते स्टॉलच्या पाटीवर लिहा, लोक थांबून वाचतात. विकत घेताना मात्र लक्षात ठेवा, भाजून सोलल्यावर वजन बरंच उतरतं. आम्ही कच्च्या वजनावर प्लेटा मोजल्या आणि दीड वाजताच भरिताचा तळ दिसला. भाजायला कपाशीच्या काड्या हव्यात. गॅसवर भाजलेलं भरीत आपल्या भागात कुणी पैसे देऊन खात नाही. भाजण्याआधी वांग्याला टोचे मारा, नाहीतर फुटतं. आमचं एक फुटलं आणि सगळा गर एकाच्या गणवेशावर. कळण्याच्या भाकरीच्या नादी लागू नका, शंभर भाकरी कोण थापणार? पुऱ्याच. कढईपाशी मात्र एखादी मावशी किंवा काकूच उभी राहील, तुमच्यातलं कुणी नाही. यावर वाद नको.

मिरची, लसूण, दाणे, कांद्याची पात, कोथिंबीर. हे सांगायला मी लागत नाही.

पण दाणे कुणाच्या घरून आले, किती आले, ते वहीत लिहा. तेल किती, कुणी आणलं, रोख की उधार, लिहा. ‘आमच्याच घरचं आहे, असू दे’ म्हणेल तिचंही लिहा. आम्ही प्रत्येकी शंभर काढून आठशे भांडवल केलं, शिवाय किराणावाल्याकडून साडेसहाशेचा माल उधार आणला. यातलं एक अक्षर कुठे लिहिलं नाही. संध्याकाळी पेटी उलटी केली तर 1,740 रोख निघाले. बाकीचे फोनवर गेले होते, एकाच्या बाबांच्या खात्यात. त्याच दिवशी त्याच खात्यावर डेअरीचे पैसेही येत होते, त्यामुळे कोणते तीस आपल्या प्लेटचे आणि कोणते दुधाचे, कळेना. शेवटी काकांनी वैतागून सातशे काढून दिले. झाले 2,440. सरांनी फळ्यावर आकडा लिहिला, टाळ्या वाजल्या, पैसे निधीत जमा.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना किराणावाला फाटकाशी उभा. “काय भो, माझे साडेसहाशे?”

निधीतून परत मागायची लाज वाटली. आठही जणांनी पुन्हा घरी हात पसरले. म्हणजे आमची खरी कमाई 990 रुपयांची, बाकी सगळं आयांच्या डब्यातलं. आमची आई अजून ऐकवते.

म्हणून वही. आणि वही धरणारी पोरगी वेगळी ठेवा. तिने वाढायचं नाही, तळायचं नाही, मैत्रीण आली म्हणून उठायचं नाही. पैसे फोनवर आले तर ज्या खात्यावर दिवसभर दुसरा व्यवहार नसेल तेच वापरा, आणि प्रत्येक रक्कम तिथल्या तिथे वहीत टिपा. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःचं बचत खातं चालवू द्यायला रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे. पथकातल्या कुणाचं असेल तर निधी घरी डब्यात ठेवण्यापेक्षा तिथे ठेवा.

कागदी प्लेटा मोजून आणा आणि उरलेल्या मोजून घ्या. आमच्या शंभरातल्या 11 उरल्या होत्या. म्हणजे 89 गेल्या. तीसच्या भावाने 2,670 यायला हवे होते, आले 2,440. ते 230 रुपये कुणी खाल्ले यावर आमच्या आठ जणांत अजून भांडण होतं. (मी दोन खाल्ल्या. कबूल.) उधार प्लेट कुणालाच नाही, सरांनाही नाही. दिलीच तर... कुठे लिहायचं, कळलं असेल.

सुट्टे आदल्या दिवशीच आणा. भाव तीस आहे, शंभरच्या नोटेला सत्तर परत द्यावे लागतात. दहाचं नाणं चालत नाही म्हणून कुणी अडलं तर ऐकू नका, सगळ्या 14 नमुन्यांची नाणी चालतात हे रिझर्व्ह बँकेने 2018 सालीच सांगितलंय.

भांडवलासाठी कुणी दिवाळीच्या सुट्टीत कापूस वेचायला जायचं म्हणत होतं. घरच्या वावरात, शाळेची वेळ सोडून, जा. पण 14 वर्षं पुरी नसतील तर दुसऱ्याकडे मजुरीला जायचं नाही, ठेवणाऱ्यावर गुन्हा होतो.

बाकी पाणी, फडकी, कचऱ्याची पोती, विस्तवावर माती. कढई ज्यांची त्यांना त्याच दिवशी घासून परत. आधी उधारी फेडा, मग भांडवल परत करा, उरेल तेवढंच सरांना सांगा.

आणि रात्री वही घरी आण. मला बघायचीय.