चोरकप्पा कपाटात करा, पलंगाखाली नको

आमच्या पलंगाच्या पायथ्याशी, जमिनीलगतच्या पट्टीमागे, मीच केलेला एक चोरकप्पा होता. पट्टी ओढली की जेमतेम ३ इंच उंचीचा उथळ खण बाहेर यायचा. त्यात वडिलांची पत्रं होती. ते मुंबईला गिरणीत होते, तिथून आईला निळी आंतरदेशीय पाठवायचे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी आमच्या घरात कमरेपर्यंत चढलं. तांदूळ, गाद्या, मुलीची पुस्तकं, जे हाताला लागलं ते माळ्यावर टाकलं. खालचा कप्पा कुणाच्या ध्यानातच आला नाही. चार दिवसांनी चिखल उपसून पट्टी ओढायला गेलो तर प्लाय फुगून गच्च बसलेला. पटाशीने फोडला. आत निळा लगदा.

मी चिपळूणला २५ वर्षं सुतारकाम करतोय. त्या पुरापासून गिऱ्हाइकाने पलंगाखाली चोरकप्पा मागितला तरी मी त्याला कपाटातला खण सुचवतो, जमिनीपासून ४ फुटांवरचा. खणाला खाली खरा तळ, त्यावर उचलता येणारा खोटा तळ, आणि मधल्या पोकळीत लपवायची वस्तू. तो कसा करायचा ते सांगतो. घरी ड्रिल आणि बरी करवत असेल तर दोन रविवारांत होईल.

आधी माल. कपाटाच्या सांगाड्याला १८ मि.मी., खणाच्या बाजूंना १२ मि.मी. आणि तळाला ६ मि.मी. प्लाय. कोकणात निदान बीडब्ल्यूआर घ्या, म्हणजे आयएस (भारतीय मानक) ३०३ मधला पाणी सोसणारा. परवडत असेल तर आयएस ७१० चा मरीन. सागवानाची फळी तळाला वापरू नका. मी एकदा मे महिन्यात हौसेने सागवानी खोटा तळ केला, अगदी नखसुद्धा शिरणार नाही असा. जुलैत तो फुगून असा अडकला की खालून ठोकून काढावा लागला. लाकूड रुंदीत हलतं, सागवानही थोडं हलतंच. प्लाय त्या मानाने जागचा हलत नाही.

आता मापं. सुतारी भाषेत ८ सूत म्हणजे १ इंच. खणाची बाजू ६ इंच उंच धरू. खालच्या कडेपासून ३ सूत वर खाच मारून त्यात खरा तळ बसवायचा. त्यावर चारही बाजूंनी सव्वा इंच उंचीच्या बारीक पट्ट्या फेविकॉलने चिकटवायच्या आणि त्यांवर खोटा तळ नुसता ठेवायचा. पट्ट्यांची उंची आणि तळाची जाडी मिळून खण दीड इंच उथळ झाला. उंचीच्या पावहिश्शापेक्षा जास्त चोरू नका. त्यापुढे डोळ्याला खटकतं. आणि खटकतं ते मुख्यतः शेजारच्या खणामुळे. एक खण खोल, दुसरा उथळ, हे शोधणाऱ्याला लगेच दिसतं. म्हणून एका रांगेतले तिन्ही खण आतून सारखेच उथळ करा. उघडणारी पोकळी एकातच ठेवायची, बाकीच्या दोघांत पट्ट्यांवर तळ कायमचा चिकटवून टाकायचा. दीड इंच प्रत्येकी वाया जातो खरा, पण चोरकप्प्याचं अर्धं काम तिथेच होतं.

खोट्या तळाला चारही बाजूंनी अर्धा सूत मोकळीक हवी. त्याहून घट्ट केलात तर खालची हवा तळाला धरून ठेवते, उचलतच नाही. तरीही खणाच्या मागच्या फळीला, पोकळीच्या उंचीवर, २ सुताचं एक भोक पाडा. हवा तिथून ये-जा करते. तिन्ही तळ एकाच प्लायमधून कापा आणि रेषा एकाच दिशेला येऊ द्या.

उघडायचं चुंबकाने. २० मि.मी. व्यासाचं, ३ मि.मी. जाडीचं निओडिमियम चुंबक घ्या, दोन नग. एक खोट्या तळाच्या खालच्या अंगाला, पुढच्या कडेजवळ मधोमध, ४ मि.मी. खोल खड्डा करून एपॉक्सीने बसवायचं. धातूला फेविकॉल धरत नाही. वर २ मि.मी. लाकूड उरतं. गोल खड्डा पाडणाऱ्या बिटाला मधे टोक असतं, ते आरपार जाऊन वर टिंब उमटतं. आधी टाकाऊ तुकड्यावर पाडून बघा, टोक जात असेल तर ते कानशीने घासून आखूड करा. दुसरं चुंबक एका लाकडी मुठीत बसवा. चिकटवण्याआधी दोन्ही समोरासमोर धरून ओढतात की ढकलतात ते पाहून पेन्सिलने खूण करा, नंतर दुरुस्ती नाही. मूठ तळावर ठेवून वर उचलली की पुढची कड बोटभर वर येते, मग बोटं घालून तळ बाहेर काढायचा. सुटं चुंबक लहान मुलांच्या हाती कधीही देऊ नका. अशी दोन गिळली तर आतडं चिमटून जिवावर बेतू शकतं. मूठ पंजात भरेल एवढी मोठी करायची ती त्यासाठीच.

शेवटी तळावर बोटाने टकटक करून पाहा. सुट्या तळाचा खण ठणठण वाजतो, चिकटवलेले दोन भद्द. सुट्या तळाच्या खालच्या अंगाला बनातीचा तुकडा चिकटवला आणि पोकळीत वस्तू मऊ कापडात गुंडाळून ठेवल्या की आवाज जवळपास जुळतो.

कपाटाच्या माथ्यावरची ४ इंची पट्टीसुद्धा चांगली जागा आहे. तिच्यामागे उथळ खण करायचा, लाकडी सरकपट्टीवर मेणबत्ती घासायची, दाबल्यावर सुटणारा पुश कॅच लावायचा. फक्त स्टूल लागतं, म्हणून घरात वयस्कर माणूस असेल तर मी तो सुचवत नाही.

आतल्या सगळ्या बाजूंना, न दिसणाऱ्यासुद्धा, पॉलिशचा हात द्या, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते. कागद ठेवणार असाल तर बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलची पुडी टाकून. प्लायचा कप्पा आगीत टिकत नाही, तेव्हा सोनं आणि मूळ खरेदीखत बँकेच्या लॉकरमध्येच बरं.

घरातल्या आणखी एका माणसाला कप्पा उघडून दाखवा, आणि त्याच्याकडून एकदा उघडवून घ्या. माझ्या मुलीने पहिल्यांदा मूठ उलट्या टोकाला, मागच्या कडेवर ठेवली होती. आता दर मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, ती स्वतः तळ काढते, पुडी बदलते. आईच्या ट्रंकेत माडीवर राहिलेली दोन आंतरदेशीय नंतर सापडली, ती त्यात आहेत.